मोहरी

कोचकोरहून निघालो तेव्हा उणे चोवीस.
पंखा चारवर. आवाज असा
की आत कुणी रागारागानं धान्य पाखडतंय.
वारा येतोय,
पण गोठलेल्या नदीवरून आल्यासारखा.

मागे सहाजण.
सायराकुल आजीच्या मांडीवर केकचा खोका,
पायाशी पोत्यात अर्धी मेंढी.
"मेंढी तरी नासायची नाही," आजी म्हणाली.
कुणी हसलं नाही. हसायला ओठ लागतात.

पुढे माझ्या शेजारी मेदेरबेक भावोजी,
थोरल्या बहिणीचे यजमान, हात काखेत.
ही जपानी गाडी त्यांचीच, सप्टेंबरात मला विकलेली.
"हीटर?" मी विचारलं होतं.
"अगं, नान भाजून निघेल आत."
सप्टेंबरात कोण हीटर लावून बघतं!

काच आतून खरवडत, एका डोळ्यानं रस्ता,
एका डोळ्यानं सुई.
सुई मध्यावर. म्हणजे इंजिन तापलंय,
थर्मोस्टॅट शहाण्यासारखा वागतोय.
आमच्याकडे आधी त्यालाच शिव्या घालतात,
घरात काही हरवलं की धाकट्या सुनेला घालतात तशा.
गोडसर वास नाही, पायाखाली ओल नाही.
बटण फिरवलं की डॅशबोर्डमागे झडप टक् करते,
इमानानं.
मग अडलंय कुठं?

सारी-बुलाकला चहाच्या टपरीमागे थांबले,
बॉनेट उघडलं, हातमोजा दातांत धरून काढला.
इंजिनामागच्या भिंतीतून दोन नळ्या आत जातात.
पहिली धरली, तळवा भाजला.
दुसरी धरली: मेलेला मासा.

पाणी आत जातंय, परत येत नाहीये.
भावोजींना उसने दिलेल्या पैशांसारखं.

ट्रकवाल्या इशेनालीनं टायरची हवा दिली,
टपरीवालीनं तीन किटल्या कढत पाणी.
दोन्ही नळ्या सोडल्या,
जिकडून बाहेर यायचं तिकडून आत सोडलं,
उलटं.
आधी काहीच नाही.
मग एक खोकला. मग दुसरा.
मग बर्फावर पिवळा गाळ, थुलथुलीत, घट्ट,
आणि वास
असा ओळखीचा, की मला भूक लागली.

"मोहरी!" इशेनाली ओरडला, आणि हसत सुटला.
"गळका रेडिएटर विकायचा असला की
पूड टाकतात मूठभर. फुगते. भोक बुजतं
गिऱ्हाईक वळणाआड जाईस्तोवर.
मग जिथं अरुंद दिसेल तिथं जाऊन बसते, बयो."

लोक हातावर तुरी देतात.
यांनी मोहरी दिली.

सगळे भावोजींकडे बघत होते,
आणि भावोजी डोंगराकडे,
विकत घ्यायचा असल्यासारखे.

मी बोलले नाही. बोलले असते तर
बहिणीच्या घरी नौरुझला जाता आलं नसतं.
नळ्या बसवल्या, गाडीचं नाक चढावर केलं,
झाकण उघडं ठेवून हिरवं पाणी ओतत गेले,
नळी दाबत, सोडत, दाबत,
गाईचं आचळ जसं.
आत गुडगुड. आत गुडगुड.
शेवटचा बुडबुडा आला तो केवढा,
बाळानं ढेकर दिल्यासारखा. आजी म्हणाली, "झालं."

झालंच होतं. गरम वारा आला,
आधी बोटांवर, मग मनगटांवर,
त्याला अजून फोडणीचा वास.
मागे कुणी टोपी काढली, कुणी बूट
(ते नको होतं).
मी माझ्या बाजूची झडप थोडी वळवली,
भावोजींच्या गुडघ्यांकडे.
त्यांनी खिशातून भाड्याचे पैसे काढले,
गिअरजवळ ठेवले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.
मी मोजले नाहीत.
"कमी कर गं जरा," आजी मागून, "केक बसतोय."

दोलोनच्या घाटमाथ्यावर पाचच मिनिटं थांबलो.
मी दार उघडायच्या आत भावोजी उतरले,
बर्फात उकिडवे बसले, हात रेडिएटरखाली धरला
आणि तळव्यावरचा हिरवा थेंब
बराच वेळ बघत राहिले.

"कुठून गळतं," ते म्हणाले,
"ते मला माहीत आहे."